लोहाच्या दोन पुड्या आणि आमचा अनंत

सासूबाईंनी लावलेला अनंत शेंड्याकडून पिवळा पडायला लागला. कोवळी पानं लिंबाच्या सालीसारखी, त्यांत शिरा तेवढ्या हिरव्या, जाळं विणल्यागत. खालची जुनी पानं मात्र ठणठणीत. ह्यांनी आधी नत्रासाठी युरिया घातला, मग मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट. दोन्ही वाया. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह असं हलत नाही, त्यामुळे उपास घडतो तो कोवळ्या पालवीला. हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत महिना गेला.

मग ईडीटीए लोहाची पुडी मागवली, 12 टक्के लोहाची. ईडीटीए म्हणजे लोहाला पकडून विरघळलेलं ठेवणारं रसायन. पिवळसर भुकटी, पाण्यात चटकन विरघळते, तळाला गाळ राहत नाही. त्याबद्दल पैकीच्या पैकी. लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम घालून मुलाच्या रंगपेटीतल्या ब्रशने एकाच पानाच्या अर्ध्या भागाला लावलं. (ह्यांनी विचारलं, नेलपॉलिश लावतेस का.) आठ-दहा दिवसांनी जिथे ब्रश फिरला होता तिथेच हिरवे ठिपके उमटले. दुखणं लोहाचंच निघालं! मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर सगळ्या झाडावर फवारलं. पानं सुधारली, पण पुढची पालवी पुन्हा पिवळीच. म्हणून तेच पाणी मुळाशी घातलं, तर ढिम्म फरक नाही.

शेवटी मातीचा सामू, म्हणजे पीएच, तपासला, 7.8 निघाला. अनंताला लागतो 5 ते 6.5. आमचं पाणी जड, त्याने माती हळूहळू अल्कधर्मी झालेली. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही, आणि ईडीटीएची पकड साधारण 6.5 च्या पुढे सुटायला लागते. पाकिटावर मात्र 'सर्व प्रकारच्या मातीसाठी' असं ठसठशीत छापलंय. माझा राग आहे तो यावर.

दुसरी पुडी ईडीडीएचए लोहाची, हेही लोहाला पकडणारंच रसायन. लोह फक्त 6 टक्के, म्हणजे कागदावर निम्मं, पण सामू 9 असला तरी ते टिकतं. दाणे काळपट लाल, पाणी कोकमाच्या आगळासारखं. एकदाच मुळाशी ओतलं. तीन आठवड्यांनी फुटलेली पालवी हिरवीगार होती.

तक्रारी आहेतच. मापाचा चमचा कुठल्याच पुडीत नाही, 1 ग्रॅम मोजायला माणसाने काय सोनाराचा काटा आणावा? ईडीडीएचए दमट हवेत गोळा होतं, उजेडात ठेवू नये असंही बारीक अक्षरांत कुठेतरी लिहिलंय. आणि सांडलं की फरशीला तांबडा डाग पडतो तो पडतोच.

ईडीटीएला फवारणीसाठी चार तारे, मुळाशी घालायला एक. ईडीडीएचएला साडेचार. अर्धा तारा कापला तो फरशीचा.