एकटा चेलो कुठे ऐकावा: मोंतच्या कपेलात, सभागृहात की हेडफोनवर?

चेलोची एकल मैफल. सोबतीला ना पियानो, ना ऑर्केस्ट्रा. त्यासाठी जुन्या गोव्यातली मोंतची टेकडी चढून तिथल्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, जावं, पणजीत कला अकादमीत कार्यक्रम लागेल तेव्हा जावं, की घरीच हेडफोन लावून ऐकावं? नाट्यसंगीत आणि भजनावर कान तयार झालेला, पण पाश्चात्त्य संगीताच्या वाटेला फारसा न गेलेला माणूस इथे हमखास अडतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: मोंत. मात्र काही अटींवर.

आधी वाद्य समजून घेऊ. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं, बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं मोठं वाद्य. त्याला चार तारा, सी, जी, डी आणि ए या स्वरांच्या. त्यातली सर्वांत जाड सी तार साधारण 65 हर्ट्झवर बोलते. पांढरी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्जही तिथेच असतो, त्यामुळे हा आवाज आपल्या कानाला परका नाही. तंबोरा बोटाने छेडतात, चेलोवर गज फिरतो. गजाच्या केसांना राळ चोळलेली असते. ते केस तारेला पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात; सी तारेवर हे सेकंदाला 65 वेळा घडतं. या धरसोडीची बारीक खरखर हा आवाजाचाच भाग आहे, दोष नव्हे. जवारीशिवाय तंबोरा जसा मुका, तसा या खरखरीशिवाय चेलो गुळगुळीत आणि बेचव लागतो. ती खरखर कुठे बसल्यावर ऐकू येते आणि कुठे विरून जाते, यावर निम्मा निर्णय ठरतो.

उरलेला निम्मा घुमाऱ्यावर. जर्मन संगीतकार बाखचे एकट्या चेलोसाठीचे सहा सुइट, म्हणजे नाचांच्या चालींवरच्या तुकड्यांच्या माळा, बहुधा 1717 ते 1723 या काळात, तो जर्मनीतल्या क्योथेनच्या दरबारी असताना लिहिले गेले. पहिल्या सुइटचा प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, अडीच-तीन मिनिटांचा असतो आणि त्यात जवळजवळ सगळा वेळ एका वेळी एकच स्वर वाजतो. तरी ऐकताना दोन-तीन आवाज एकत्र चालल्याचा भास होतो. सुरुवातीच्या चार मापांत (तालाच्या खंडांत) प्रत्येक उठाव त्याच खालच्या जी स्वरावरून होतो. गज वरच्या तारांवर जाऊन परत येतो तो पुन्हा त्याच जी स्वरावर. कोरड्या खोलीत तो जी विझतो आणि पुढचे स्वर ऐकताना तो आपल्याला मनात धरून ठेवावा लागतो. कपेलात तो विझत नाही. चिऱ्याच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा आणि उंच छत त्याची आस टिकवून धरतात. पुढचे स्वर तिच्यावर येऊन बसतात आणि साथीला तंबोरा नसताना खोलीच षड्ज धरून राहते. गाणं ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

मोंतच्या कपेलात नेमकं हेच मिळतं. फुंदासाव ओरियेंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेच्या मोंत संगीत महोत्सवामुळे ही जागा पाश्चात्त्य आणि हिंदुस्थानी अशा दोन्ही रसिकांच्या ओळखीची झाली आहे. पणजीहून अंतर 10 किलोमीटरच्या आसपास. थोडं लवकर पोचलात तर मांडवी आणि दिवाड बेट बघत बसता येतं.

आता अटी. पहिली, पुढे बसा. मागच्या बाकांवर घुमारा पोचतो पण गज पोचत नाही, सगळं गोड आणि अस्पष्ट होतं. तिसऱ्या-चौथ्या रांगेपर्यंत वादकाचा श्वास ऐकू येतो, डाव्या हाताची बोटं पट्टीवर टपटप पडतात ते कळतं, आणि सी तार वाजताना तिच्या जागी धूसर पट्टा थरथरताना दिसतो. चेलोची खालची लोखंडी दांडी लाकडी मंचावर टेकलेली असेल आणि तुमचे पायही त्याच लाकडावर असतील, तर खर्ज तळव्यांना लागतो. दगडी फरशीवर ते सुख नाही. दुसरी अट, कार्यक्रमपत्रिका वाचा. साराबांद, म्हणजे सुइटमधला संथ नाच, असेल तर डोळे मिटून जा. विशेषतः पाचव्या सुइटचा: त्यात एकही जोडस्वर नाही, उघडी एकेरी ओळ, आणि त्या सुइटसाठी ए तारसुद्धा जी स्वरापर्यंत उतरवायची असते. दोन स्वरांमधली जागा तिथे भिंती भरतात. पण जीग हा जलद नाच किंवा हंगेरियन संगीतकार कोदायचा एकट्या चेलोसाठीचा 1915 चा सोनाटा असेल तर त्याच भिंती वैरी होतात. स्वर एकमेकांत मिसळतात आणि गजाची चपळाई हरवते.

अशा वेळी सभागृह बरं. तिथे मुख्य प्रश्न एकच, माइक लावणार का? आधी फोन करून विचारावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. घोडीजवळ माइक ठेवला की खरखर अवाजवी मोठी होते, आणि वादक समोर दिसत असताना आवाज बाजूच्या स्पीकरमधून येतो. मला ते सहन होत नाही.

हेडफोनचा मोठा फायदा म्हणजे वादक निवडता येतो. बाखच्या हातची प्रत हरवलेली आहे, मुख्य आधार पत्नी आना माग्दालेनाच्या नकलेचा. त्यामुळे गज कुठे जोडायचा, कुठे तोडायचा यावर प्रत्येक चेलोवादकाचं मत निराळं. पाब्लो कासाल्सचं 1936 ते 1939 मधलं ध्वनिमुद्रण जुन्या तबकड्यांच्या सरसरीसकट येतं आणि तरी अंगावर येतं. आनर बिल्समाने 1979 मध्ये आतड्याच्या तारांवर वाजवलं. तो सूर आजच्यापेक्षा खाली आहे आणि खरखर भरपूर आहे. रोस्त्रोपोविचने 1991 मध्ये फ्रान्समधल्या वेझलेच्या बासिलिकात (मोठ्या चर्चमध्ये) मुद्रण केलं, म्हणजे घुमारा आयता. नवख्याने बिल्समापासून सुरुवात करावी. त्याचे सुइट नाचाचे वाटतात, आणि प्रील्यूड सोडले तर ते आहेतच नाच. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकूच नका. 65 हर्ट्झ त्यातून निघत नाही, वरच्या उपस्वरांवरून कान तो ताडतो, आणि अंगाला काहीच लागत नाही. कान झाकणारे हेडफोन घ्या आणि तेवढा वेळ पंखा बंद ठेवा. गोव्याच्या उकाड्यात हीच सर्वांत कठीण अट.

जून ते सप्टेंबरमधला कार्यक्रम असेल तर माझं उत्तर बदलतं. छतावर पाऊस धरला की साराबांदच्या हळव्या जागा आधी बुडतात. दमट हवेने लाकूड फुगतं, खुंट्या अडतात, आणि वादक दर नाचानंतर तारा लावत बसतो. त्या दिवसांत सभागृहाचा पास घ्या, तोही बाल्कनीखालचा नको.