कार्बोरेटरला शेवटी हात लावा: १९८६ च्या चेतकचा आठ महिन्यांचा अनुभव

बाबांनी बजाजच्या चेतक स्कूटरसाठी १९७८ ला नंबर लावला आणि गाडी घरी आली १९८६ ला. आकुर्डीत बनणारी गाडी पुण्यातल्याच माणसाला आठ वर्षांनी, हे आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. शेवटची काही वर्षं ती पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होती. मी बाहेर काढली, कागदपत्रांचं उरकलं आणि खरा ताप तिथून सुरू झाला. गाडी सुरू व्हायची, पण धड चालायची नाही.

थंड असताना चोक ओढून तिसऱ्या-चौथ्या किकला सुरू. गरम झाली की सिग्नलला रेस आपोआप चढायची. अॅक्सिलरेटर सोडला तरी आवाज दोन-तीन सेकंद वरच लटकलेला, शेजारचा रिक्षावाला वळून बघायचा. मग एकदम मान टाकायची. चाळिसच्या पुढे मिसिंग.

पहिल्या गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत निदान केलं, "कार्बोरेटर गेलाय." खोलला, धुतला, मोठा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) टाकला. रेस चढायची थांबली, मी खूश. पंधरा दिवसांत प्लग काळाकुट्ट आणि ओला, मायलेज २८ वर. पुन्हा गेलो, पुन्हा एअर स्क्रू फिरवला. असे दोन महिने आणि चार प्लग गेले. त्याला पूर्ण दोष देत नाही, कारण स्क्रू फिरवायची घाई मलाच जास्त होती.

शेवटी नाना पेठेत सुटे भाग घ्यायला गेलो असताना एका म्हाताऱ्या मेकॅनिकशी गाठ पडली. गाडी न बघताच ते म्हणाले, "रेस लटकते ना? मग हवा खातीये कुठूनतरी. ती जागा शोधा, जेटचं नंतर बघू." आज मागे वळून बघतो तेव्हा सगळं काम या एका वाक्यावर झालं असं वाटतं.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद भागात येतं आणि तिथून वर सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे क्रँककेसला कुठेही फट असली की जादा हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि रेस चढते. मोठा जेट टाकला की पेट्रोल वाढतं आणि फट झाकली जाते. बुजत मात्र नाही.

आमच्या गाडीत फटी दोन निघाल्या. मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील पडून पडून लाकडासारखं कडक झालं होतं. पुलर लावून मॅग्नेट (इंजिनाबरोबर फिरणारं चाक) काढला तर मागे सगळं तेलकट. दुसरी फट मात्र मजेशीर. चेतकचा कार्बोरेटर डब्यातून खाली दोन लांब बोल्टांवर बसतो. हे बोल्ट कुणीतरी जीव खाऊन आवळलेले, त्यामुळे कार्बोरेटरचा तळ केळ्यासारखा वाकलेला. त्या म्हाताऱ्या मेकॅनिक काकांनी काचेचा जाड तुकडा घेतला, त्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवला आणि तळ आठच्या आकड्यात घासत बसले. आधी फक्त दोन्ही कडा चमकल्या, मधला भाग काळाच. अर्ध्या तासाने सगळा तळ एकसारखा पांढरा झाला. नवीन पॅकिंग टाकून बोल्ट आवळताना त्यांनी पाना अगदी बोल्टाजवळ, दोन बोटांत धरला होता.

मग पॉईंट, म्हणजे उघडला की प्लगला ठिणगी देणारा स्विच. मॅग्नेटच्या खिडकीतून गॅप ०.४ मिलिमीटर ठेवली आणि टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) बघितलं ते पतंगाच्या कागदाने. पॉईंटमध्ये कागदाची चिमूटभर पट्टी अडकवायची, ती हलकीशी ओढत मॅग्नेट हाताने फिरवायचा. ज्या क्षणी पट्टी सुटते, त्या क्षणी पॉईंट उघडला. तिथे खूण जुळली पाहिजे. आमची बोटभर मागे होती.

हेडचा कार्बन खरवडला, सायलेन्सर सरळ नवीन घेतला. यात सांगण्यासारखं काही नाही.

सगळ्यात शेवटी कार्बोरेटर, तोही मूळ जेटवर. एअर स्क्रू पूर्ण बंद करून दीड आटे उघडला. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि त्याने मिश्रण आणखी पातळ होतं, म्हणून मी पुढे दोन आट्यांवर नेला. या गाडीत स्क्रू बाहेर आला की पेट्रोल वाढतं. काही गाड्यांत उलटं असतं, तेव्हा माझा आकडा डोळे झाकून उचलू नका. प्लगचा रंग बघा. माझा आता चहात बुडवलेल्या मारी बिस्किटासारखा आहे.

पहिली किक मारली तेव्हा रेस एका जागी बसली. टक-टक-टक, सिग्नलला मिनिटभर तशीच. पुण्याहून सासवडला दिवे घाटातून तीन वेळा गेलो. घाटात दुसऱ्या गिअरवर कुरकुर न करता चढते. मायलेज ४० ते ४१. १४५ सीसीच्या या म्हातारीकडून मला एवढं पुरे. साठच्या पुढे मात्र अंगात झिणझिण्या येतात. त्या ट्यूनिंगने जायच्या नाहीत, त्या वेगाने मी ती चालवणं सोडून दिलंय.

सगळं गोड नाही. पॉईंटसोबतचा नवा कंडेन्सर तीन आठवड्यांत गेला, तोही कात्रजच्या चढावर. गरम झाली की बंद, वीस मिनिटं थांबलं की चालू, हे त्याचं लक्षण. आता डिक्कीत जादा कंडेन्सर, प्लग आणि गॅप मोजायचा फिलर गेज असतो. रोज ऑफिसला न्यायची असेल तर सरळ इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून मोकळे व्हा. मी पॉईंट ठेवले, कारण दर दोन महिन्यांनी रविवारी सकाळी ते साफ करायला मला आवडतं. घरच्यांचं मत वेगळं आहे.

पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला २० मिली, कफ सिरपच्या मापाच्या झाकणाने मोजून. "थोडं जास्तच घाला, इंजिनला बरं" हा सल्ला ऐकू नका, कार्बन त्यानेच जमतो. आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवतो. इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं, कार्बोरेटरच्या तळाशी ते साचलेलं मी एकदा बघितलंय.

खर्च सील, पॅकिंग, पॉईंट, सायलेन्सर आणि मजुरी धरून साधारण सात हजार. पहिल्या गॅरेजात गेलेले यात धरलेले नाहीत.

एक दुखणं उरलंय. उतारावर कधीकधी दुसरा गिअर सटकून न्यूट्रलला येतो. काका म्हणतात आतला क्रॉस (गिअर पकडून ठेवणारा भाग) झिजलाय, इंजिन अर्धं उघडावं लागेल. सध्या उतारावर गिअरची मूठ डाव्या हाताने घट्ट धरून ठेवतो. दिवाळीनंतर बघू.