जुना अनलिमिटेड प्लॅन म्हणून टॅबलेटचं सिम गळ्यात मारलं: १,१७३ डॉलरचा हिशेब

अमेरिकेत शहरापासून लांब राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. खेड्यातल्या हॉस्पिटलात नोकरी करणारे डॉक्टर, कोविडनंतर दोन-तीन एकर जागा घेऊन घरून काम करणारे आयटीवाले, हायवेला लागून मोटेल चालवणारे, सगळ्यांचं दुखणं एकच: इंटरनेट. त्या दुखण्यावर नेमकं बोट ठेवणारी जाहिरात आपल्याच मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरते आहे. "ग्रँडफादर्ड अनलिमिटेड प्लॅन, थ्रॉटल नाही, कॅप नाही, राउटरसकट, महिना फक्त ७९ डॉलर." ग्रँडफादर्ड म्हणजे नव्या ग्राहकांना बंद झालेला, पण जुन्यांकडे राहिलेला प्लॅन; थ्रॉटल म्हणजे वेग मुद्दाम कमी करणं, कॅप म्हणजे डेटाची मर्यादा. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण तोच धंदा आता दुसऱ्या नावाच्या वेबसाइटवर सुरू आहे. नेटवर्क कंपनीचंही देत नाही, कारण हा प्रकार तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या सिमवर चालतो.

आधी माझा हिशेब, कारण मीही फसलो. राउटर आणि सिम ३४९. 'लाइन ट्रान्सफर फी' २००. सहा महिन्यांचं आगाऊ भाडं ४७४. लाइन बंद पडल्यावर 'रीअ‍ॅक्टिव्हेशन' म्हणून आणखी १५०. एकूण १,१७३ डॉलर. त्यातले क्रेडिट कार्डावरचे ३४९ परत मिळाले. झेलने, म्हणजे बँक खात्यातून थेट पैसे पाठवायच्या सोयीने, दिलेले ८२४ बुडाले.

एवढी शिकलेली माणसं फसतातच कशी, असं ज्याच्या दारात फायबर आहे त्याने विचारू नये. इथे डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट, ३ एमबीपीएसचं. जुन्या पद्धतीचा उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, त्यामुळे सिग्नल जाऊन यायलाच ६०० मिलिसेकंद लागतात. त्यावर ऑफिसचं व्हीपीएन रडतं आणि व्हिडिओ कॉलवर दोघंही एकाच वेळी बोलत बसतात. स्टारलिंकला मोकळं आकाश लागतं. घराभोवती ओक आणि मेपलचं रान असेल तर जोडणी सारखी तुटते. फोन कंपनीचं होम इंटरनेट पत्ता टाकला की 'उपलब्ध नाही' म्हणतं, आणि त्याच टॉवरवर हातातला फोन मात्र ४० एमबीपीएस दाखवतो. हॉटस्पॉटचा कोटा संपला की साधा ईमेल उघडेना. अशा घरात कुणी म्हणालं की माझ्याकडे जुनी लाइन आहे, तर माणूस ऐकणारच.

शिवाय जुने प्लॅन ही काही थाप नाही, आणि ही फसवणूक उभी आहे ती त्याच खऱ्या गोष्टीवर. एटी अँड टीने जून २०१० मध्ये आणि व्हेरायझनने जुलै २०११ मध्ये नव्या ग्राहकांना अनलिमिटेड डेटा देणं थांबवलं, पण ज्यांच्याकडे होता त्यांचा राहू दिला. तेव्हापासून कंपन्या तो या ना त्या वाटेने काढून घेतायत. व्हेरायझनने २०१२ पासून सवलतीचा फोन घेणाऱ्याला जुना डेटा सोडायला लावलं, २०१५ च्या नोव्हेंबरात २९.९९ चे ४९.९९ केले, २०१६ मध्ये महिन्याला १०० जीबीच्या फार वर जाणाऱ्यांना नोटिसा धाडल्या. २०१७ मध्ये तर १३ राज्यांतल्या खेड्यांमधले सुमारे ८,५०० ग्राहक रोमिंगचा खर्च परवडत नाही म्हणून काढून टाकले. एटी अँड टी अनलिमिटेडवाल्यांचा वेग मारत होती. त्यावरून एफटीसीने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी आयोगाने, २०१४ मध्ये खटला भरला आणि २०१९ मध्ये ६ कोटी डॉलरवर तो मिटला. म्हणजे अशा लाइनी आहेत, दुर्मिळ आहेत, आणि एके काळी नाव बदलून दुसऱ्याला देता यायच्या. त्या ईबेवर शेकडो डॉलरला विकल्या जात होत्या. हे सगळं माहीत असलेला माणूसच या जाहिरातीला भुलतो. ज्याला काहीच माहीत नाही तो ७९ डॉलर देणार नाही.

आता जे मिळालं ते काय होतं ते सांगतो. विक्रेता एखाद्या छोट्या कंपनीच्या नावाने बिझनेस अकाउंट उघडतो आणि त्यावर टॅबलेटच्या लाइनी घेतो. टॅबलेटच्या लाइनीला डेटा सढळ आणि भाडं कमी, कारण टॅबलेटवर माणूस वापरून वापरून किती वापरणार! मग ते सिम राउटरमध्ये घालतो आणि राउटरच्या मोडेमचा आयएमईआय (प्रत्येक यंत्राचा वेगळा ओळख क्रमांक) बदलून तिथे एखाद्या टॅबलेटचा आयएमईआय बसवतो, म्हणजे नेटवर्कला वाटतं आयपॅडच बोलतोय. हा 'आयपॅड' रात्रंदिवस एकाच टॉवरवर, जागचा हलत नाही, आणि महिन्याला ७००-८०० जीबी ओढतो. कंपनीच्या यंत्रणेला हे कधी ना कधी दिसतंच. दिसलं की अख्खं अकाउंट एका झटक्यात बंद. तोवर विक्रेत्याने सगळ्यांकडून सहा-सहा महिन्यांचं भाडं आधीच गोळा केलेलं असतं. २०११ च्या प्लॅनचा यात कुठेच संबंध नाही.

खूण पहिल्या दिवसापासून समोर होती. राउटर उलटा केला की खाली पांढरं लेबल, त्यावर आयएमईआय, ८६ ने सुरू होणारा. ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडून सेल्युलर स्टेटस पाहिलं तर तिथे ३५ ने सुरू होणारा वेगळाच आकडा. आयएमईआयचे १५ आकडे असतात, त्यातले पहिले ८ म्हणजे त्या यंत्राचं मॉडेल. ते ८ आकडे कुठल्याही आयएमईआय तपासणाऱ्या साइटवर टाकले की मॉडेल कळतं. टाकले. टॅबलेट निघाला. विक्रेत्याला लगेच लिहिलं, तर उत्तर आलं, "सर, रीफर्बिश्ड युनिट आहे, लेबल जुन्या बॅचचं आहे. स्पीड येतोय ना?" स्पीड येत होता. ३८ डाउन, ६ अप. त्या ३८ आकड्याने तोंड बंद केलं. लेबल जुनं असेल हो, पण जुन्या लेबलमुळे राउटरचा आयपॅड होतो का?

त्याहून मोठी खूण पैशातच होती, आणि ती आठवली की अजून कानशिलं गरम होतात. बिल माझ्या नावावर करा म्हटलं, तर तो म्हणाला, "नाव बदललं की सिस्टिम आपोआप नव्या प्लॅनवर ढकलते, मग अनलिमिटेड गेला. म्हणून लाइन आमच्याच नावावर ठेवतो." अर्धं खरं होतं म्हणून पटलं. जुन्या प्लॅनला हात लावला की तो जातो, हे सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. पण मग ट्रान्सफर होणारच नव्हतं, तर २०० डॉलर 'ट्रान्सफर फी' कशाची? हा प्रश्न त्याच पावतीवर छापलेला होता. कुणीही वाचला असता. पण लाइन चालू असताना, ऑफिसचा कॉल न तुटता संपत असताना, पावत्या कोण वाचतं?

तिसरी खूण 'पुरावा' म्हणून पाठवलेल्या बिलाच्या पीडीएफमध्ये. खरं जुनं बिल एका ओळीचं नसतं. तेव्हा प्लॅन तुकड्यांत विकत असत: ४५० मिनिटांचा बोलण्याचा प्लॅन ३९.९९, मेसेज वेगळे, डेटा वेगळा. खऱ्या जुन्या लाइनीच्या बिलावर हे तुकडे आजही वेगवेगळे दिसायला हवेत. याच्या पीडीएफवर एकच ओळ, 'अनलिमिटेड डेटा', आणि खाली एकूण. मिनिटंच नाहीत! २०११ मध्ये मिनिटांशिवाय स्मार्टफोनचा प्लॅन कोण विकत होतं?

लाइन बंद पडली ती एका सोमवारी सकाळी, मीटिंगच्या मध्ये. विक्रेता म्हणाला, टॉवरचं मेंटेनन्स. मग म्हणाला, सिम रीफ्रेश करावं लागेल, १५० द्या, मी दिले. कुणी हसायचं असेल तर हसा. ४७४ अडकलेले असले की त्यावरचे १५० लहानच वाटतात, आणि हे गणित त्याला आपल्यापेक्षा चांगलं येतं. नंतर चॅटचं पान बंद, फोन व्हॉइसमेलवर.

आणि पुढे दाद मागायला गेलात, की खरी करमणूक. बँक म्हणते, झेलचे पैसे तुम्हीच पाठवले, कोडही तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार ऑथराइझ्ड. रेग्युलेशन ई हा संरक्षणाचा नियम अनधिकृत व्यवहारांपुरता, तेव्हा आम्ही काही करू शकत नाही. समोरच्या खात्यात पैसे पडून आहेत का एवढं तरी सांगा? ते गोपनीय. नेटवर्क कंपनीला फोन लावला, तर अकाउंट होल्डरचा पिन सांगा. पिन ज्याने फसवलं त्याच्याकडे! तुमचं सिम माझ्या टेबलावर आहे, त्याचा आयसीसीआयडी (सिमवर छापलेला क्रमांक) वाचून दाखवतो, ते कुठल्या खात्याचं आहे आणि त्या खात्यावर काय चाललंय ते तुमच्या स्क्रीनवर दिसत असेल, निदान नोंद तरी घ्या. नाही. तुम्ही आमचे ग्राहक नाही. काउंटी शेरीफच्या ऑफिसात डेप्युटीने शांतपणे विचारलं, राउटर मिळाला का? मिळाला. चालला का? काही काळ चालला. मग हा सिव्हिल मॅटर, म्हणजे दिवाणी भांडण, पोलिसांचं काम नाही. म्हणजे चोराने थोडे दिवस सेवा दिली की तो चोर राहत नाही, व्यापारी होतो. विक्रेत्याच्या राज्याच्या ग्राहक-तक्रार खात्याने त्याला पत्र पाठवलं. पत्र गेलं भाड्याच्या मेलबॉक्सवर, तिथून परत आलं, आणि फाइल बंद. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टात, जायचं तर समन्स बजावायला प्रतिवादीचा खरा पत्ता तुम्हीच शोधून द्यायचा, आणि शोधायचा अधिकार ज्यांना आहे ते म्हणतात सिव्हिल मॅटर. एकाच्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर, सगळे अत्यंत नम्र, सगळे 'हॅव अ नाइस डे'वाले.

तरी तक्रार कराच, पण कुठून काय मिळतं ते ओळखून करा. एफसीसी या दूरसंचार नियामकाकडची अनौपचारिक तक्रार फुकट असते आणि कंपनीला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण लाइन तुमच्या नावावर नसेल तर कंपनी 'हा आमचा ग्राहक नाही' एवढंच लिहून मोकळी होते. खरा जुना प्लॅन तुमच्या नावावर असेल आणि कंपनीने परस्पर बदलला असेल, तर हेच सगळ्यात धारदार हत्यार आहे. एफटीसी वैयक्तिक पैसे मिळवून देत नाही, नोंद तपास यंत्रणांपर्यंत पोचते. ऑनलाइन व्यवहार असेल तर एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाइन गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रावरही टाका. व्हिसावर आहोत, कशाला भानगडीत पडा, असं म्हणून गप्प बसणारे आपल्यात फार आहेत, आणि या विक्रेत्यांना ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर जाहिरात देशी ग्रुपांवर फिरते. ती फॉरवर्ड करणाऱ्या काकांनाही बहुतेक वेळा काहीच माहीत नसतं. 'आपल्या ग्रुपवर आलंय' हा पुरावा होत नाही.

पैसे क्रेडिट कार्डाने द्या. झेल, कॅश अ‍ॅप, पेपालचं फ्रेंड्स अँड फॅमिली मागितलं की तिथेच उठा. तिथे खरेदीदाराला संरक्षण नाही. आगाऊ महिने कधीच भरू नका, 'डिस्काउंट' मिळत असला तरी. नाव लावून देत नसेल तर त्याला फक्त भाडेकरू हवाय. नाव लावून देतो म्हणाला तर नेटवर्क कंपनीच्या माणसाला तिघांच्या कॉलवर घ्या आणि नाव बदलल्यावर प्लॅन टिकेल हे चॅटमध्ये लेखी घ्या, आणि तो चॅट सेव्ह करा. राउटर आल्या आल्या लेबलवरचा आणि स्क्रीनवरचा आयएमईआय जुळवा. दोन्हींचे फोटो काढून ठेवा, कार्डाच्या डिस्प्यूटमध्ये ते ३४९ डॉलर या फोटोंवरच परत आले.

ज्यांच्याकडे खरोखर २०१०-११ ची लाइन आहे त्यांनीही निर्धास्त राहू नये. कंपनीच्या अ‍ॅपमधलं 'तुमच्यासाठी चांगला प्लॅन' हे बटण दाबू नका. परत फिरायची वाट बहुधा नसते. फोन बाहेरून, पूर्ण किमतीत, अनलॉक्ड घ्या. २०२२ मध्ये थ्रीजी बंद झालं तेव्हापासून व्होल्टी (फोरजीवरून कॉल करायची सोय) नसलेला जुना फोन निकामी आहे. फोन बदलताना दुकानातला पोरगा गोड बोलून प्लॅनही बदलेल, त्याला सही द्यायच्या आधी स्क्रीन फिरवून वाचा. ऑटोपेच्या कार्डाची मुदत संपून लाइन तुटू देऊ नका. नंबर पोर्ट केला, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेला, की प्लॅन गेला. आणि ते सिम फोनमधून काढून राउटरमध्ये घालू नका: महिन्याला शेकडो जीबी दिसले की तुमची लाइन यादीत वर येते, २०१६-१७ मध्ये नेमकी अशीच माणसं आधी कापली गेली.

याच जाहिरातीवरून घेतलेलं सिम ज्यांच्याकडे अजून चालू आहे, त्यांनी आजच राउटर उलटा करून आकडे जुळवा. जुळले नाहीत तर पुढचं भाडं थांबवा. कार्डाने पैसे दिले असतील तर ज्या स्टेटमेंटवर ती रक्कम आली ते निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत बँकेला लेखी डिस्प्यूट द्या, फोनवर सांगून भागत नाही. आणि लाइन तुटली की तो १५० मागेल, ते देऊ नका.