पहिली एअर रायफल घ्यावी की एअर पिस्तूल?

कोल्हापूरच्या नेमबाजांत राही सरनोबत पिस्तुलाची, तेजस्विनी सावंत आणि कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रायफलीचे. त्यामुळे कोल्हापूरची पोरं दोन्हींकडं ओढली जातात. दोन्हींचा छर्रा ४.५ मिमीचा, अंतर १० मीटर. पिस्तूल दीड किलोच्या आत, पण एकाच हातानं धरायचं. मनगट हललं की छर्रा भरकटलाच. रायफल साडेपाच किलोपर्यंत. तिला खांद्याचा आधार मिळतो, मात्र जाकीट, पँट, बूट यांचा खर्च वेगळा, आणि निशाणाच्या मधोमधचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा! पिस्तुलाचा साडेअकरा. घरचं बजेट बेताचं असेल तर मी पिस्तूलच सांगेन. पण आधी दोन-तीन महिने नेमबाजीच्या रेंजवरचं पिस्तूल वापरा, त्याची मूठ हाताला बसते का बघा. लहान पंजाला मोठी मूठ घेऊन दिली, तर पोराची पकडच चुकीची घडते.