जनरेशनची डी व्हिसल: मोडल्यावर किती कामाची?

नाव टिन व्हिसल, पण जनरेशन कंपनीच्या या शिट्टीची नळी पितळेची (हवी तर निकेल चढवलेली) आणि वर प्लॅस्टिकचं तोंड. सहा भोकं. आयरिश लोकसंगीतातली ही शिट्टी. नगागणिक आवाज थोडा बदलतो, तिथे गुण कापले. दुरुस्तीत मात्र पैकीच्या पैकी, कारण तोंड आणि नळी सुटी होतात. क्लार्क कंपनीच्या जुन्या, १८४३ पासूनच्या पत्र्याच्या शिट्टीत तसं नाही. तिथे तोंडातला लाकडी ठोकळा हलला की काम किचकट.

नेहमी तडकते ती नळीवर बसणारी प्लॅस्टिकची कड. सगळी भोकं झाकून हळू फुंकलं तरी सगळ्यात खालचा सूर, डी, ठरत नाही, वरच्या सप्तकात उडी मारतो, तर फट तिथेच शोधा.

तोंडाची कड अर्धा मिनिट गरम पाण्यात धरा. पाणी उकळतं नको, फुंकेची वाट वाकडी झाली की शिट्टी संपली. मग नळी फडक्यात धरून तोंड पिळत ओढा. जुना गोंद ब्लेडने खरवडा. थिनर, अ‍ॅसिटोन लावलंत तर प्लॅस्टिकच विरघळेल. नळीला किंचित व्हॅसलिन लावून तोंड परत चढवा, तड्यावर नायलॉनच्या दोऱ्याचे पंधरा-वीस घट्ट वेढे द्या आणि त्यावर फेविक्विकचे दोन-तीन थेंब. फुटलेल्या बासरीला दोरा बांधतात, तसंच. रात्रभर हात लावू नका. नंतर तोंड काढून व्हॅसलिन पुसा आणि नळीला टेफ्लॉन टेपचा एक वेढा द्या. तोंड आत सरकवलं की सूर चढतो, बाहेर ओढलं की उतरतो.

तोंड उघडलंच आहे, तर फुंकेच्या वाटेखालची पोकळी ब्लू-टॅकने (भिंतीवर कागद चिकटवायच्या मऊ लांबीने) वाटेच्या पातळीपर्यंत भरा. वरचं सप्तक बरंच शहाणं होतं. मेण नको, उन्हाळ्यात ओघळतं.

पोचा आलेली नळी हातोडीने ठोकू नका, पितळ भोकाशी चिरतं. आत जेमतेम जाणारा गोल लाकडी दांडा घालून फिरवत दाबा.

खिडकीची (तोंडावरच्या भोकाची) धार, जिच्यावर फुंक आपटून आवाज होतो, ती तुटली तर तोंड टाकून द्या, नळी ठेवा. वर पीव्हीसीचा तुकडा बसवा, सांधा टेफ्लॉनने भरा. आधीची धार जिथे होती साधारण तिथे आठ-नऊ मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्याच्या मध्यापासून बारा मिलिमीटरवर बूच ठोका. ट्यूनर लावून तुकडा मागेपुढे सरकवा. वरची तीन भोकं झाकून सा धरलात तर पांढरी पाचची (सा म्हणजे जी) आडवी बासरी तयार: सगळी झाकल्यावर पंचम, सगळी उघडल्यावर तीव्र मध्यम. शुद्ध मध्यमासाठी पहिलं भोक अर्धं झाका.