भूल चढण्याआधी ऊब: आमच्या ओटीतलं गरम हवेचं मशीन

साताऱ्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, इन-चार्ज सिस्टर आहे. पेशंटला गरम ठेवणारं हवेचं मशीन आमच्याकडे आलं आणि आता सगळ्यांच्या हाताखालचं झालंय. घ्यावं की नको या विचारात असलेल्या छोट्या हॉस्पिटलांसाठी हे लिहितेय.

मशीन म्हणजे रेलिंगला अडकणारा एक डबा. आत हीटर, पंखा आणि फिल्टर. जाड नळीतून गरम हवा कागदासारख्या ब्लँकेटमध्ये जाते, ब्लँकेट फुगतं आणि खालच्या बारीक भोकांतून हवा पेशंटच्या अंगावर पसरते. आमच्या मशीनवर 32, 38 आणि 43 अंश सेल्सिअस अशी बटणं आहेत. ही पद्धत 1980 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ‘बेअर हगर’ या नावानं आली. आमचे भूलतज्ज्ञ सर आमच्या वेगळ्या कंपनीच्या मशीनलाही बेअर हगरच म्हणतात.

आधी काय होतं? सलाईनच्या गरम बाटल्या, कोमट पाणी भरलेले ग्लोव्हज, पायांना कापसाचे रोल. बाटल्यांचा मला कायम राग. भूल दिलेला माणूस भाजलं तरी हलत नाही की ओरडत नाही. भाजल्याचं कळतं ते बाटली उचलल्यावर. या मशीनमध्ये ऊब पसरून मिळते, एका जागी बसत नाही. लॅप्रोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या, लांबलेल्या केसेसनंतर रिकव्हरीत दात वाजेपर्यंत जी हुडहुडी भरायची, ती बरीच कमी झाली. टाके ओढले जात नाहीत आणि मॉनिटरवर बीपी, ऑक्सिजनचे आकडे नीट दिसतात.

पण मशीन भूल दिल्यानंतर चालू केलं तर निम्मा फायदा गेला. एरवी थंडी वाजली की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आतली ऊब आतच राहते. भुलीत त्या सैल पडतात, पोटा-छातीतली ऊब हातापायांकडे पळते. पहिल्या तासातच आतलं तापमान एक ते दीड अंशानं उतरतं, ते वरून ब्लँकेट टाकून लगेच थांबत नाही. हातपाय आधीच गरम असतील तर मात्र पळायला वावच कमी. म्हणून आम्ही प्री-ऑपमध्येच, म्हणजे ऑपरेशनआधीच्या खोलीतच, अर्धा तास ब्लँकेट घालतो. परवा पिशवी काढायच्या ऑपरेशनसाठी आलेल्या एक मावशी म्हणाल्या, “सिस्टर, चुलीपाशी बसल्यागत वाटतंय, भ्या गेलं बगा.” त्यांना आत घेताना हात गरम होते, नसही पहिल्याच फटक्यात मिळाली.

हे लाड नाहीत. 1996 मध्ये मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या 200 पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचं तापमान 34.5 च्या आसपास उतरलं त्यांच्यात जखमेचा संसर्ग 19 टक्के, 36.5 ला राखलेल्यांत 6 टक्के. 2022 मध्ये पाच हजारांवर पेशंटच्या मोठ्या अभ्यासात 35.5 ला ठेवलेल्या आणि 37 ला ठेवलेल्या पेशंटच्या गुंतागुंतीत मोठा फरक दिसला नाही. माझ्या मते 37 चा हट्ट नको, पण 36 च्या खाली गेलं की सिस्टरनं बोललंच पाहिजे.

आता खटकणाऱ्या गोष्टी. नळीचं तोंड ब्लँकेटमध्ये घट्ट बसत नाही, टेबल तिरकं केलं की निसटतं. ही तक्रार किरकोळ नाही. नुसती नळी अंगावर हवा मारत राहिली तर पेशंट भाजतो. आम्ही दर वेळी चिकटपट्टी लावतो आणि ड्रेप, म्हणजे पेशंटवरच्या निर्जंतुक चादरी, लागल्यावर पुन्हा हात घालून बघतो. दुसरं, पडद्यावरचा आकडा हवेचा, पेशंटचा नाही. 43 दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका, नाकातून किंवा अन्ननलिकेत तापमान मोजणारा प्रोब हवाच. तिसरं, ब्लँकेट एकदाच वापरायचं असतं. पुरवठादार मशीन हौसेनं देतो आणि ब्लँकेट मागितली की फोन उचलत नाही. मग तेच ब्लँकेट पुसून पुढच्याला घालायचा मोह होतो. आमच्या ओटीत मी ते होऊ देत नाही.

पाय सुन्न, रक्तपुरवठा बंद झालेला असेल तर त्यावर ही गरम हवा सोडायची नाही, हे नवीन मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते. आणि एकट्या मशीनवर भिस्त ठेवू नका. खोलीच्या तापमानाचं एक लिटर सलाईन मोठ्या माणसाचं तापमान साधारण पाव अंशानं उतरवतं, म्हणून जास्त सलाईन लागणार असेल तर ते गरम करूनच. एसीबद्दल सर्जनशी माझी रोजची बोलाचाली आहे. गाऊन घालून लाइटखाली उभ्या माणसाला उकडतं, मान्य. पण पेशंट उघडा असतो, त्यात अंगावर थंडगार बीटाडीन. निदान ड्रेप लागेपर्यंत एसी कमी ठेवा, एवढंच म्हणते. लहान मूल टेबलवर असलं की मात्र ऐकून घेत नाही.

मशीन घ्या, जरूर घ्या. घेताना वर्षभराच्या ब्लँकेटचा दर आणि फिल्टर कधी बदलायचा हे लेखी घ्या, लहान मुलांचं ब्लँकेट वेगळं मागा. आम्ही व्यवस्थापनाकडे दुसऱ्या मशीनची मागणी केलीय, फक्त प्री-ऑपसाठी. एकच असलं की ते आत टेबलवर अडकतं आणि लिस्टमधला पुढचा पेशंट थंडच आत येतो.