उसाच्या ट्रॉलीचा हात आणि नदीचे पाणी : सांगलीत बनवून घेतलेल्या बोट ट्रेलरचा दोन पावसाळ्यांचा अनुभव

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैमध्ये पुराचे पाणी पुन्हा गल्लीत आले, आणि त्यानंतर आमच्या मंडळाने वर्गणी काढून १४ फुटी फायबरची बोट व २५ हॉर्सपॉवरचे आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचे, इंजिन घेतले. बोट कोणती घ्यायची यावर आम्ही महिनाभर वाद घातला. ट्रेलरचा निर्णय मात्र हातातला चहा संपायच्या आत झाला. वर्षभर उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपला माप दिले आणि नव्या दुचाकीएवढ्या किमतीत सिंगल एक्सलचा ट्रेलर तीन आठवड्यांत दारात उभा राहिला. वर्कशॉपचे नाव येथे देत नाही, कारण ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्या ट्रॉली बनवणाऱ्या कोणाच्याही हातून राहतील अशाच आहेत.

रस्त्यावर हा ट्रेलर उत्तम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. पुढच्या त्रिकोणी सांगाड्याचे वेल्डिंग नेटके आहे, गाडीमागच्या ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर कपलर, म्हणजे ट्रेलरचे जोडतोंड, घट्ट बसतो, आणि कपलर निसटलाच तर दांडी रस्त्यावर आपटू नये म्हणून दोन साखळ्या फुलीसारख्या अडकवण्याची सोय न सांगता केलेली आहे. एक्सल यू-बोल्टवर असल्याने पुढेमागे सरकवता येतो, हा त्यातला सर्वांत शहाणपणाचा भाग. पहिल्या फेरीत बोट फार मागे बसली होती, त्यामुळे ताशी ५० च्या पुढे बोलेरोच्या मागे ट्रेलर शेपूट हलवू लागला. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के भार पुढच्या हुकावर यावा लागतो. घरातला वजनकाटा दांडीखाली ठेवून तो मोजला, विंचचा (बोट ओढून धरणाऱ्या हातचरखीचा) खांब वीतभर पुढे घेतला आणि डोलणे थांबले. कमानीचे पाटे मात्र टनांचा ऊस डोळ्यांसमोर ठेवून घातले होते. सगळे सामान धरून आमचा भार ४२० किलोच्या आसपास असल्याने प्रत्येक गतिरोधकावर बोट उडत असे, म्हणून दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे काढून घ्यावे लागले. आरटीओची नोंदणी ट्रेलरलाही वेगळी करावी लागते, हे नव्या मालकांनी किमतीत धरावे.

खरी परीक्षा नदीवर झाली. घाटाच्या पायऱ्या बोट उतरवण्याच्या कामाच्या नाहीत. आम्ही गावाबाहेरचा मुरुमाचा उतार वापरतो, आणि बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले की तिथेही पाणी मागे सरकून नुसता गाळ उरतो. उतारावर जाण्यापूर्वी सपाट जागी थांबून बोटीच्या तळाचे बूच घट्ट करणे, मागचे पट्टे सोडणे, दिव्यांची वायर काढणे, पेट्रोलची नळी जोडणे आणि लाइफ जॅकेट चढवणे ही कामे उरकावीत. पुढचा विंचचा पट्टा आणि साखळी मात्र बोट तरंगेपर्यंत सोडू नये, कारण ओल्या फळ्यांवरून बोट मुरुमावर घसरायला एक क्षण पुरतो. इंजिन वर उचललेले असावे, गाडीत चालकाशिवाय कोणी नसावे, आणि गाडीच्या मागच्या चाकांमागे पाचर टाकल्याशिवाय कोणी पाण्यात उतरू नये. शेवाळावर हँडब्रेकचा काही भरवसा नसतो. गाडी मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवला, तर हात ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला ट्रेलर वळतो. ट्रेलर जितका आखूड तितका तो लवकर आडवा होतो. दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याच्या आवारात सफाईने मागे घेणारा आमचा ट्रॅक्टरचालकही पहिल्या दिवशी या लहानग्यापुढे हरला.

आता मुख्य तक्रार. उसाची ट्रॉली आयुष्यात पाण्यात बुडत नाही, बोटीचा ट्रेलर प्रत्येक फेरीत बुडतो, आणि हा एवढा फरक वर्कशॉपच्या लक्षात आला नव्हता. बारा किलोमीटर येऊन आम्ही थेट नदीत गाडी घालत होतो. चाकाचा हब (बेअरिंग असलेला मधला भाग) तापलेला असताना थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर तासगाव रस्त्यावर डाव्या चाकातून दगड दळल्यासारखा आवाज येऊ लागला. पंक्चरच्या दुकानातल्या मेकॅनिकने हब उघडला, तेव्हा काळपट ग्रीसऐवजी दुधाच्या चहासारखा पातळ लगदा बाहेर आला. त्याने तो दोन बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाला, ‘‘साहेब, बेअरिंग पाणी प्यायलंय.’’ बेअरिंगच्या रोलरवर निळसर डाग होते, म्हणजे ते भाजलेही होते.

तेव्हापासून नदीवर पोचल्यावर किमान अर्धा तास थांबायचे, हबला हात लावून तो कोमट झाल्याची खात्री करायची आणि मगच पाण्यात जायचे, असा नियम केला आहे. साध्या टोप्या काढून स्प्रिंगची ग्रीस-झाकणे बसवली आहेत; ती आत थोडा दाब कायम ठेवत असल्याने पाण्याला शिरायला जागा मिळत नाही. ग्रीसही पाण्यात न विरघळणारे मरीन प्रतीचे वापरतो. हे सगळे वर्कशॉपने मुळातच दिले असते, तर किंमत फारशी वाढली नसती.

दुसरी उणीव फळ्यांची. बोट ज्या लाकडी फळ्यांवर टेकते त्यांवरचा गालिचा लोखंडी खिळ्यांनी ठोकला होता. गालिचा दबला तसे खिळ्यांचे डोके वर आले आणि बोटीच्या तळाच्या जेलकोटवर (फायबरवरच्या गुळगुळीत थरावर) तीन लांब ओरखडे उमटले. आता स्टेनलेसचे स्क्रू फळीच्या कडेने, खालच्या अंगाला मारले आहेत. दिवे साध्या बल्बचे आणि खाली बसवलेले होते. गरम बल्ब पाण्यात तडकतात, म्हणून सीलबंद एलईडी लावले. विंचबद्दल एक शब्दही वाईट नाही. बोट परत चढवताना इंजिनाच्या जोरावर ट्रेलरवर घुसवण्याचा मोह होतो, पण पंख्याच्या झोताने उताराच्या टोकाशी खड्डा पडतो, आणि पुढच्या वेळी आपलीच चाके त्यात अडकतात. विंचने ओढायला पाच मिनिटे जास्त लागतात, एवढेच.

इंजिनाबद्दल थोडे विषयांतर. कोकणातल्या ओळखीच्या मंडळींचा सल्ला मिठाभोवती फिरतो. आपला शत्रू गाळ आहे. पुराच्या पाण्यातून आल्यावर इंजिन स्वच्छ पाण्यावर दहा मिनिटे चालवावे आणि बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार जोरात येते का ते पाहावे; धार मंदावली की पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे चक्र) झिजला किंवा वाट तुंबली असे समजावे. गंज स्वतःवर घेणारी धातूची वडी समुद्रासाठी जस्ताची असते. नदीत जस्तावर थर बसून ते निकामी होते, तिथे मॅग्नेशियमची लागते. गिअरचे तेल वर्षातून एकदा बदलावे, आणि ते दुधाळ दिसले तर सील गेले असे धरावे.

शेवटची तक्रार अजून मिटलेली नाही. सांगाडा बंद चौकोनी पाइपचा आहे, वरून रंग छान आहे, पण पाणी निघायला एकही भोक नाही. वेल्डिंगच्या बारीक फटींतून नदीचे पाणी आत जाते आणि आतच राहते. ट्रेलर उभा केला की पाइपातून खळखळ ऐकू येते. वर्कशॉपला दोनदा विचारले, तेव्हा ‘‘भोकं पाडली की पाइप कमजोर होतो’’ असे उत्तर मिळाले. यंदा मेमध्ये सांगाडा सोलून गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे जस्ताचा थर चढवायला, नेला, तर वितळलेल्या जस्तात बंद पाइप बुडवला की आतल्या पाण्याची वाफ होऊन स्फोट होतो, असे सांगून तिथल्या माणसाने तो परत पाठवला. ड्रिल मशीन शेजाऱ्यांकडून आणले आहे. पहिल्या भोकातून बाटलीभर तांबडे पाणी आणि मूठभर गाळ निघाला.